घुशींना रस्सा हवा की कीश?

गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की भाचा गादीवर उशा रचून बसतो आणि हाक मारतो, मावशी, घुशी आण गं! घुशी म्हणजे जेफ स्मिथच्या 'बोन' या ग्राफिक नॉव्हेलमधले राक्षस. इंग्रजीत ते रॅट क्रीचर्स आहेत, पण ते केसाळ धूड आणि तोंडभर दात बघून पोरगं पहिल्याच दिवशी म्हणालं, ही तर घूस आहे! झालं, तेच नाव पडलं. पुस्तक इंग्रजी, मी चित्रांवर बोट ठेवून मराठीत सांगत जाते.

गोष्ट फोन, फोनी आणि स्मायली या तीन बोन भावंडांची. पांढरी, गुळगुळीत, मोठ्या नाकाची. फोनीने गावात काहीतरी भानगड करून ठेवलीये म्हणून तिघांना हाकलून दिलंय, वाळवंटात चुकामूक होते आणि फोन बोन एकटाच एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतो. (त्याचं नाव फोन आहे यावर आमच्याकडे दोन दिवस हसणं चालू होतं.) तिथे दोन घुशी त्याच्या मागे लागतात. तो पळत पळत कड्यावरून उडी मारतो, एका बारक्या फांदीला लटकतो आणि मनात म्हणतो, इथे माझ्या मागे यायला त्या घुशी महामूर्खच असायला हव्यात. पुढच्या चित्रात दोघीही त्याच फांदीवर! बस्स, एवढंच. भाच्याने ते पान माझ्याकडून चार वेळा उलटवून घेतलं.

मला त्यातलं टायमिंग फार भारी वाटतं. स्मिथ आधी ॲनिमेशन करायचा, ओहायोतल्या कोलंबसमध्ये त्याचा स्टुडिओ होता, ते पानापानात दिसतं. थंडी येते ती पण अशीच, हळूहळू बर्फ पडणं वगैरे काही नाही, सगळा हिवाळा एका चौकटीत धप्पकन आकाशातून खाली.

आणि त्या दोन घुशींचं भांडण! शिकार हातात आहे, पोटात कावळे ओरडतायत, पण एकीला सरळ रस्सा करायचाय आणि दुसरीला कीश. आता कीश म्हणजे काय ते पोराला सांगायचं कसं, तर मी म्हटलं मैद्याच्या पारीत अंडं घालून भाजतात, नाजूक प्रकार असतो. तो लगेच म्हणाला, राक्षसांनी असलं खायचं नसतं. पुस्तकातली दुसरी घूसही नेमकी तेच म्हणते! शिकार पळून जाते आणि भांडण चालूच.

मला तेव्हा आपली भोपळ्यातली म्हातारी आठवली. लेकीकडे जाते, लठ्ठमुठ्ठ होऊन येते, मग मला खा असं ती सांगते आणि वाघोबा बिचारा थांबतो. तिथेही वाघ खरंच खाणार असतो, म्हणून तर भोपळा टुणूक टुणूक निघाला की जिवात जीव येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांच्या पुस्तकातले राक्षस हल्ली फार गोड करून ठेवतात, नुसते गुबगुबीत, मिठी मारणारे. त्यात भीतीच नाही तर हसू कुठून येणार? 'बोन'मधल्या घुशी विनोदी आहेत आणि त्याच घुशी एका रात्री आज्जीच्या घरावर चालून येतात. आज्जी म्हणजे ग्रॅन्मा बेन, गायींबरोबर पायी शर्यत लावून जिंकणारी बाई. ती एकटी दारात उभी राहते आणि पोरांना पळा म्हणते. त्या रात्री भाचा एकदम गप्प झाला, माझ्या ड्रेसची ओढणी मुठीत घट्ट धरली, पण पुस्तक मिटू दिलं नाही.

हे सगळं स्मिथने 1991 ते 2004 अशी तेरा वर्षं, 55 अंकांत, काळ्यापांढऱ्यात काढलं आणि बहुतेक अंक स्वतःच छापले. त्याची बायको विजया अय्यर हिने नोकरी सोडून प्रकाशनाचा सगळा व्यवहार अंगावर घेतला, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण अशा कामामागे हिशेब बघणारं माणूस लागतंच आणि त्याचं नाव सहसा कोणी घेत नाही. 2005 पासून रंगीत आवृत्ती निघाली, रंग स्टीव्ह हामेकरचे, आमच्याकडे तीच आहे, नऊ भागांची. एका शिक्षिकेने आमच्या घरी सांगितलं होतं की चित्रांची पुस्तकं म्हणजे वाचन नव्हे. या पोराने दोन महिन्यांत चार भाग संपवलेत आणि आता माझ्या आधी इंग्रजी ओळी वाचून मलाच अर्थ विचारतो.

सध्या पाचवा भाग चालू आहे. त्यात घुशीचं एक पिल्लू आहे, बार्टलबी, आणि फोन बोन आणि स्मायली त्याला डोंगरात त्याच्या लोकांकडे सोडायला निघालेत. काल भाच्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, मावशी थांब, ते मोठं झाल्यावर ह्यांनाच खाणार का? मी म्हटलं, वाचूया ना. तर म्हणाला, आज नको, आज ते त्यांच्याबरोबरच राहू दे.