अल ऐनला दारं मोडताना

दुबई सुटल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांबूस वाळूच होती. त्यामुळे अमिरातीतल्या अल ऐन शहराच्या हिली उद्यानातली हिरवळ पाहून डोळे निवले. मधोमध मोठं थडगं आहे. गोल, घडीव दगडांचं, सुमारे 12 मीटर व्यासाचं, 4000 वर्षांपूर्वीचं. दारावर माणसांची जोडी कोरलीय आणि शेजारी लांब शिंगांची ऑरिक्स हरणं. उन्हं कलली की रेषा अशा उठतात की पाय निघत नाही.

1959 मध्ये डॅनिश पथक अबू धाबीजवळ उम्म अन-नार बेटावर जुन्या थडग्यांचे उंचवटे खणत होतं. पुढे अमिरातीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले शेख झायेद तिथे आले आणि असेच उंचवटे आपल्या अल ऐनकडेही आहेत, असं त्यांनी सांगितलं. आपला मुलूख पायाखाली घातलेल्या माणसाची ही नजर! तिथून शोध इकडे वळला. पुढे 1977 पासून फ्रेंच पथकानं हिलीतलं आठ क्रमांकाचं उत्खननस्थळ, हिली 8, उकरलं. तिथे कच्च्या विटांचा बुरूज निघाला, बुरुजाच्या पोटात विहीर, आणि गहू, सातू, खजूर यांच्या खुणा. म्हणजे 5000 वर्षांपूर्वीची शेती.

पण भूजल खाली जात राहिलं. विहीर आणखी खोल खणावी लागली. मग इसवीसनापूर्वी 1000 च्या सुमारास लोकांनी फलज, म्हणजे जमिनीखालून येणारा पाट, काढला. त्याचा पुरावा हिली 15 ला सापडला. उंचावर पाणी लागेपर्यंत विहीर खणायची, तिथून बेताच्या उतारानं जमिनीखालून बोगदा न्यायचा, आणि माती काढायला, हवा खेळायला ठरावीक अंतरानं उभी भोकं ठेवायची. पाणी आपल्या वजनानं वाहत येतं आणि उन्हात आटत नाही. संभाजीनगरची जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. मला विचाराल तर हिलीचा खरा ठेवा थडगं नव्हे, हा पाट आहे.

संध्याकाळी शहरातल्या ओॲसिसमध्ये गेलो. लाखाहून जास्त खजुरीची झाडं आणि त्यांच्या बुंध्यांमधून फिरणारे पाट. कुणाला किती वेळ पाणी, हे वाटपही जुनंच. एक कामगार वाकून पाटाच्या तोंडाला लावलेला चिंध्यांचा बोळा काढत होता. पाणी आधी थबकलं, मग वाळकी पानं पुढे ढकलत आळ्यात शिरलं. आमच्या उसात वडील दारं मोडायचे, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचे, तेव्हा असाच ओल्या मातीचा वास यायचा. मी चपला काढल्या आणि काठावर बसलो. पाणी गार होतं.