सुई जिथे थांबली होती

गेल्या जूनमध्ये कपाट आवरताना सात अर्धवट कामे माझ्या हाती लागली. त्यांपैकी तीन मला मनापासून पुरी करायची होती: इरकल साडीच्या पदरावरची कसुती, आजीच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी आणि भाच्याचा स्वेटर. एका वेळी अनेक कामे हाती घेण्यात मला गैर वाटत नाही. थंडीत लोकर, उन्हाळ्यात सुती कापड आणि डोळे थकले की गोधडीचा साधा धावदोरा, अशी अदलाबदल केल्याने हातांना विसावा मिळतो. पण काम कोठे आणि कसे थांबवले याची नोंद नसली, तर किती किंमत मोजावी लागते, हे मला त्या पावसाळ्यात कळले.

सर्वांत अवघड ठरली ती कसुती. धारवाडकडच्या या भरतकामात नक्षी कापडावर आखून घेत नाहीत, उभे-आडवे धागे मोजून टाके घालतात, आणि काम दोन्ही बाजूंनी नेटके दिसावे म्हणून दोऱ्याला गाठही मारत नाहीत. गवंती टाक्यात जाताना एक टाका घालून एक जागा मोकळी सोडायची आणि त्याच वाटेने परतताना मोकळ्या जागा भरत यायचे, अशी रीत आहे. मी गोपुराची नक्षी परतीच्या निम्म्या वाटेवर सोडून दिली होती. दोन वर्षांनी ती पुन्हा हाती घेतली तेव्हा कोणत्या फाट्यावरून वळायचे होते ते काही केल्या उमगेना. अंदाजाने भरत गेले आणि एका फांदीच्या टोकाशी सुई अडकली, कारण तेथून मागे येण्यासाठी एकही मोकळी जागा उरली नव्हती. तीन संध्याकाळींचे काम मी टाका-टाका करून उसवले, आणि मग आलेखाच्या कागदावर जाण्याची वाट निळ्या व येण्याची लाल पेन्सिलीने, बाणांसह काढून घेतली.

स्वेटरची पाठ मुंढ्यापर्यंत विणून झाली होती. मध्यंतरी दुसऱ्या कामाला सुया हव्या होत्या म्हणून मी टाके जाड दोऱ्यावर ओवून ठेवले आणि सुयांचा नंबर मात्र लिहिला नाही. ९ नंबरच्या सुयांनी पुढे विणले, आणि चार बोटे वीण झाल्यावर पाठ पलंगावर पसरली तर मधोमध आडवी रेघ स्पष्ट दिसली. जुन्या विणीत १० सेंटीमीटरला २६ टाके बसत होते, नव्या विणीत २४. सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणजे आधीच्या सुया १० नंबरच्या असाव्यात. तोवर भाच्याचे मापही वाढले होते, म्हणून मी सगळेच उसवले. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडतात, तशीच विणली तर वीण ओबडधोबड येते. त्यामुळे तिच्या लडी करून कोमट पाण्यात भिजवल्या, दोरीवर टांगून वाळवल्या आणि नव्या मापाने टाके घातले.

त्यानंतर मी प्रत्येक कामाच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवू लागले. सुई किंवा सुयांचा नंबर, लोकरीचा लॉट नंबर (वेगळ्या लॉटच्या रंगात फरक पडतो) आणि पुढचा नेमका टाका, एवढेच तिच्यावर असते. हात थांबवण्यापूर्वी दोन मिनिटे काढून ती लिहायची, हा नियम मी आजवर मोडलेला नाही.

गोधडीला चिठ्ठीची गरज नव्हती. कडेपासून चारही बाजूंनी धावदोरा घालत मध्याकडे जायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. कोठवर आलो तेही नजरेला दिसते. तिला हवी होती ती जागा, आणि ती रात्रीच्या जेवणानंतरच मोकळी होत असे. रोज एक फेरा, असे करत दिवाळीच्या आधी मी मध्यावर पोहोचले. आजीने स्वतः लावलेले अंजिरी ठिगळ तेथे नेमके मधोमध आले होते, आणि त्याच्याभोवतीचा शेवटचा फेरा मी मुद्दाम सकाळच्या उजेडात घातला.

उरलेल्या चारांपैकी दोन क्रोशाची कामे उसवून दोरा गुंडाळून ठेवला, एक तोरण शेजारच्या मुलीला दिले आणि एक रुमाल तसाच आहे. स्वेटर संक्रांतीला भाच्याच्या अंगावर चढला. पदरावर अजून दोन गोपुरे बाकी आहेत, आणि कालच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘डावी खालची फांदी, परतीचा चौथा टाका.’