बोंडूचा कान आणि फ्रिजच्या दारातली अर्धी बाटली

आमच्या बोंडूच्या कानाला वास येतोय हे घरात पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आलं. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पाव देऊन गेला होता, त्या पिशवी घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "गो, हो पाव शिळो काय कितें?" पाव ताजाच होता. वास येत होता तो खाली पायाशी शेपूट हलवत बसलेल्या बोंडूच्या डाव्या कानातून. ओला पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस तसाच राहिला की कसा आंबूस गोडसर वास मारतो, अगदी तसा.

बोंडू म्हणजे आमचा लॅब, लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा. पिकल्या काजूच्या बोंडासारखा पिवळा म्हणून बोंडू. आम्ही गोव्यात माशेलला राहतो आणि ही गोष्ट गेल्या वर्षीच्या आषाढातली, चिखलकाल्याच्या नंतरच्या आठवड्यातली. ज्यांना चिखलकालो माहीत नाही त्यांना सांगते, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात लोक अंगाला तेल चोळून चिखलात खेळतात, लोळतात, एकमेकांना लोळवतात. तर आमचे साहेब पट्ट्यातून मान काढून पळाले आणि पोरांच्या बरोबरीने लोळून आले. त्यामुळे आठवड्याने कान खाजवायला लागला तेव्हा आम्हाला कारण आयतंच मिळालं. चिखल गेला कानात, दुसरं काय.

मग घरगुती उपाय. सासूबाईंनी खोबरेल तेलात लसूण कढवला, "मात्शें तेल घाल, बरें जातलें," म्हणाल्या आणि मी घातलं पण. आता कपाळावर हात मारून घेते, कारण लसूण कुत्र्याच्या पोटात जाणं मुळातच वाईट, आणि कानातून ओघळलेलं तेल तो पंजाने पुसून चाटणारच ना, आणि त्याच्या कानात जी बुरशी वाढत होती तिला तेलकटच आवडतं हे तर मला फार उशिरा कळलं. दोन दिवसांत कान लालबुंद. मग जवळच्या एका डॉक्टरकडे नेला, त्यांनी कान उचलून वरून बघितलं, थेंब लिहून दिले, पाच मिनिटांत बाहेर. पाचव्या दिवशी वास गेला, आम्ही थेंब बंद केले आणि बाटली गेली फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या मागे.

ती बाटली हीच माझी सगळ्यात मोठी चूक. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, परत कान आला, काढली बाटली, चार दिवस घातले, गेला. एप्रिलमध्ये परत आला, परत तीच बाटली, उघडून किती महिने झाले त्याचा हिशेब पण नाही. दर वेळी आम्ही खूश की बघा, डॉक्टरची फी वाचली.

या वर्षी जूनच्या शेवटी मात्र रात्री दोन वाजता फट् फट् फट् असा आवाज यायला लागला, बघते तर बोंडू डोकं हलवतोय आणि कान स्टीलच्या कपाटावर आपटतायत. कान गरम, आत काळपट तपकिरी मळ, हात लावला की कण्हत होता. आणि एकादशीला अजून वेळ होता! चिखल कुठेच नव्हता. दुसरं म्हणजे शेजारचा गावठी कुत्रा, ज्याचे कान उभे आहेत, तो तर अख्खा पावसाळा व्हाळात आणि चिखलातच असतो, त्याला कधी काही झालं नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण उगाच चिखलाला नावं ठेवत होतो.

ऑफिसातल्या एकीने पणजीच्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. मी आदल्या रात्री कान स्वच्छ पुसून नेणार होते, पाहुण्यांकडे जाताना पोराचं नाक पुसतात तसं, पण अपॉइंटमेंटला फोन केला तेव्हा तिथल्या मुलीने बजावलं की कान पुसू नका, मळ आम्हाला हवाय.

डॉक्टरांनी कानात बघायची दुर्बीण घालायचा प्रयत्न केला तर ती जाईना, आतून इतकी सूज. मग कागदावर त्यांनी चित्र काढून दाखवलं. माणसाच्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते, कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, आपल्या पन्हळीच्या पायपाला एल्बो लावतात तशी. मळ, पाणी, औषध सगळं त्या वळणावर अडकणार, वरून लॅबचा कान म्हणजे झाकण, वारा लागायचा प्रश्नच नाही, आणि त्यात गोव्याचा पावसाळा, जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे कुत्र्याच्या कानाचं काय घेऊन बसलात. मी जे दोन थेंब टाकून समाधान मानत होते ते बहुतेक वरच्या वरच सुकत असणार.

मग त्यांनी दोन्ही कानांतला मळ वेगवेगळ्या काडीवर घेतला, काचेच्या पट्टीवर फिरवला, लायटरवर जरा शेकवला, तीन बाटल्यांत बुडवून काढला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवून मला म्हणाल्या, या, बघा. उजव्या कानाच्या पट्टीवर जांभळे जांभळे शेंगदाणे. खरंच, सालीसकट अख्ख्या शेंगेचा आकार असतो ना मधे चिमटलेला, तसे. ती मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, पावाच्या वासाचा उलगडा तिथे झाला. डाव्या कानात शेंगदाणे होतेच, शिवाय रव्यासारखे बारीक ठिपके, म्हणजे बॅक्टेरिया. एकाच कुत्र्याचे दोन कान आणि दोघांचं दुखणं वेगळं, आणि मी वर्षभर दोन्हींत एकच बाटली ओतत होते. त्या म्हणाल्या की कधी कधी कानात गोचीडसारखे अगदी बारीक माइट्स असतात, तेव्हा मळ कॉफीच्या चोथ्यासारखा दिसतो, कधी गवताचं कुसळ अडकलेलं असतं, कधी असे जंतू असतात की साधी अँटिबायोटिक्स चालतच नाहीत. वरून सगळं सारखंच दिसतं, म्हणून पट्टी बघायची.

पण खरी गंमत पुढे. त्या म्हणाल्या, ही यीस्ट थोडीफार प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतेच, प्रश्न हा की याच्याच कानात ती इतकी का माजली? हा पाय चाटतो का? मी म्हटलं हो, लहानपणापासून, सवयच आहे त्याला. त्यांनी पंजा उचलून बोटांमधले केस दाखवले, गंजासारखे तांबूस झालेले, लाळेने होतात म्हणे. त्याला उलटा करून पोट दाखवलं, काखेत आणि जांघेत लाली. म्हणजे अ‍ॅलर्जी. कानाची नळी म्हणजे आत वळलेली कातडीच, अंगाची कातडी सुजते तेव्हा ती पण सुजते, मळ वाढतो, आणि मग शेंगदाण्यांची चैन. साडेचार वर्षं तो माझ्यासमोर पाय चाटत बसायचा आणि मी त्याचे फोटो काढायचे, किती गोड म्हणून.

औषध लगेच कानात नाही. आधी पाच दिवस सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या, कारण कानाचा पडदा दिसल्याशिवाय त्या थेंब द्यायला तयार नव्हत्या. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आत उतरून कुत्रा बहिरा होऊ शकतो. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ती फ्रिजमधली बाटली मी तीनदा डोळे मिटून ओतली होती. त्या गोळ्यांनी तहान, भूक आणि शू तिन्ही वाढतात हे सांगितलं होतं, पण किती ते सांगितलं नव्हतं! रात्री तीनला धो धो पावसात मी छत्री धरून माडाखाली उभी आणि तो आरामात वास घेत फिरतोय. एका दुपारी पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे फस्त केले, ऐन जुलैत, बंदीमुळे ट्रॉलर किनाऱ्याला आणि ताजी मासळी मिळेना तेव्हा. सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नसतात, सांगितल्या तशा कमी करत आणाव्या लागतात.

पाच दिवसांनी पडदा दिसला, शाबूत होता. मग धुणं आणि थेंब सुरू झाले. धुण्याची पद्धत त्यांनी दोनदा करून दाखवली आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतली. कुत्र्याला कोपऱ्यात मागची बाजू भिंतीला लावून बसवायचं म्हणजे मागे सरकत नाही. कान वर उभा धरायचा, कानाचं लिक्विड नळी भरेपर्यंत घालायचं, आणि मग कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, अर्धा मिनिट चोळायचं. पचक पचक आवाज आला म्हणजे बरोबर चाललंय. मग सोडायचं, तो डोकं झाडतो आणि भिंत, आरसा, तुमचा गाऊन सगळ्यावर तपकिरी नक्षी होते, म्हणून हे बाथरूममध्येच. वर आलेला मळ कापसाने पुसायचा, बोट जाईल तिथपर्यंतच. इअरबड नाही, मळ आणखी आत ढकलला जातो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर हे असलं जळजळणारं काही सुजलेल्या कानात घालायचं नाही. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंब पडले की तो पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातो, हे मी अनुभवाने सांगते.

याच दिवसांत चिखलकालो आला. बोंडू घरात बंद, बाहेर पोरांचा आरडाओरडा आणि आत ह्याचं रडगाणं. नवरा म्हणाला, कानात कापूस घालून सोडूया का. सोडला नाही, पण मला पण वाईट वाटलं हे खरं.

दोन आठवड्यांनी परत दाखवायला नेला तेव्हा वास नाही, लाली नाही, मी मनातल्या मनात बाटली फ्रिजच्या दारात ठेवली सुद्धा. पट्टीवर बघितलं तर ठिपके गेलेले पण शेंगदाणे शिल्लक! म्हणजे दर वेळी मी इथेच थांबत होते. आणखी दोन आठवडे औषध, मग पट्टी स्वच्छ, मग बंद. उरलेली बाटली त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली.

अ‍ॅलर्जी कशाची ते शोधायला आठ आठवडे एकच ठरावीक खाणं, बाकी तोंडात काही म्हणजे काही नाही. आमच्या घरात हे पाळणं म्हणजे कानापेक्षा अवघड काम. पावाचा तुकडा नाही, माशाचं डोकं नाही, गोचिडीची चघळायची गोळी पण मांसाच्या चवीची असते म्हणून ती बदलून घेतली. सगळं नीट चाललं होतं तर मधे चवथ आली आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, बसून पुतण्याने बोंडूला दोन नेवऱ्या (करंज्या) भरवल्या, एक स्वतःला, एक बोंडूला, अशा चार म्हणे. परत मोजणी सुरू. शेवटी ऑक्टोबरमध्ये कळलं की खाण्याची अ‍ॅलर्जी नाहीच, पाय चाटणं तसंच. म्हणजे धूळ, बुरशी, घरातले बारीक किडे, असलं काहीतरी हवेतलं, आणि गोव्यात राहून बुरशीपासून कुठे पळणार. आता दमट दिवसांत खाजेची गोळी, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि अंघोळ किंवा पोहणं झालं की कान धुणं, एरवी उगाच नाही, फार धुतलं तरी कातडी चिडते.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी फ्रिजवर चिकटवून ठेवल्यात. मान एका बाजूला कलती धरायला लागला, चालताना तोल गेला, डोळे लटलट हलले तर संसर्ग आतल्या कानापर्यंत पोचला असू शकतो, त्याच दिवशी निघायचं. कानाची पाळी पुरीसारखी फुगली तर डोकं झाडून आत रक्त साठलंय, तेल चोळत बसायचं नाही.

तेलाची वाटी सासूबाईंनी स्वतःच बंद केली, त्यावर आमच्या घरात चर्चा झालेली नाही. पण त्यांनी एक काम आपणहून घेतलंय. सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की पाव घेतात, आत येताना वाकून बोंडूचे दोन्ही कान एकेक करून उचलतात, हुंगतात, मग पिशवी हुंगतात, आणि वास कुठून येतोय ते मला ओरडून सांगतात. आज पावाचाच होता.