लेकीच्या नावाचं बनावट खातं आणि आधार कार्डावरचा जुना चेहरा

मुलीच्या नावाने कुणीतरी सोशल मीडियाच्या ॲपवर उघडलेलं खातं बंद व्हायला एकोणीस दिवस लागले. त्यातले सोळा चुकीच्या दारात उभं राहण्यात गेले, आणि दार चुकीचं आहे हे त्या ॲपने एकदाही सांगितलं नाही. खात्यावर तिचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, आणि तिथून वर्गातल्या मैत्रिणींना 'मम्मीचा नंबर दे' असे मेसेज.

ॲपमध्ये तीन टिंबांवर दाबून रिपोर्ट करता येतो, सगळे तेच करतात. सोंग कुणाचं घेतलंय असं विचारतात: माझं, ओळखीच्या कुणाचं, की प्रसिद्ध व्यक्तीचं. 'ओळखीच्या कुणाचं' म्हटलं की त्या व्यक्तीचं खरं खातं शोधून जोडा म्हणतात. मुलगी अकरा वर्षांची, ॲपचीच अट तेरा वर्षांची, तेव्हा तिचं खातं नाही आणि नसणंच बरोबर. जोडायला काही नाही म्हणून मी नुसतं 'खोटं खातं' निवडलं. उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तीनदा. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकून चाळीस जणांकडून रिपोर्ट करवले. त्याने खातं हललं नाही, फक्त चाळीस जणांनी ते उघडून पाहिलं. हे अजिबात करू नका.

ज्यांचं खातंच नाही त्यांच्यासाठी मदत विभागात वेगळा फॉर्म असतो. तो ॲपमधून सापडत नाही, ब्राउझरमध्ये शोधावा लागतो. त्यात 'मी अधिकृत प्रतिनिधी आहे' हा पर्याय पालकांसाठी चालतो. इथे ओळखपत्र मागतात, आणि इथेच माझे नऊ दिवस गेले. मुलांच्या आधारवरचा फोटो पाचव्या वर्षानंतरच्या बायोमेट्रिक अपडेटच्या वेळचा, पुढचा पंधराव्या वर्षी. खोट्या खात्यावरचा चेहरा अकरा वर्षांच्या मुलीचा. ओळख पटत नाही म्हणून अर्ज दोनदा परत. त्यात आधारवर वडिलांचं नाव मधे, खात्यावर नुसतं नाव-आडनाव. शेवटी चाललं ते असं: चालू वर्षाचं शाळेचं ओळखपत्र, आईवडिलांच्या नावासाठी जन्मदाखला, आणि माझं मास्क्ड आधार. मास्क्ड म्हणजे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं. पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आधीच्या दोन अर्जांना मी मुलीचं पूर्ण आधार जोडलं होतं, त्याचा पश्चात्ताप आहे.

अर्ज स्वीकारला गेला, पण खातं तसंच. मग एका वकील मैत्रिणीने विचारलं, 'तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलंस का?' रिपोर्टचं बटण आणि ही तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि पत्ता साइटवर द्यावा लागतो. नियम ३(२)(बी) तोतयागिरीबद्दलचा, आणि त्यात तक्रार त्या व्यक्तीच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. मी लिहिलं २०२४ मध्ये, तेव्हा मजकूर हटवायची मुदत चोवीस तास होती. तुम्ही लिहाल तेव्हा नियमाची ताजी प्रत बघून घ्या. ईमेल सहा ओळींचा: नियमाचा क्रमांक, खात्याची पूर्ण लिंक, मुलीचं वय, माझं नातं, 'ही तोतयागिरी आहे' हे एक वाक्य, आणि सोबत तेच तीन कागद. चार मिनिटांत यंत्राचं उत्तर आलं: कृपया फॉर्म भरा. इथे सोडू नका. त्याच ईमेलला उत्तर देऊन फॉर्मचा क्रमांक आणि पहिल्या ईमेलची तारीख-वेळ लिहिली. तिसऱ्या दिवशी खातं गेलं. गेलं नसतं तर पुढची पायरी केंद्राची तक्रार अपील समिती, जीएसी. तिथे अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं, म्हणून ते उत्तर डिलीट करू नये.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: खातं ब्लॉक करण्याआधी लिंक कॉपी करा. ब्लॉक केलं की तुम्हालाच ते दिसेनासं होतं. वर दिसणारं नाव पुरावा म्हणून कुचकामी, युजरनेम हवं, आणि तेही समोरचा बदलू शकतो, म्हणून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मैत्रिणींना आलेले मेसेज त्यांच्या पालकांकडूनच मागा.

पोलिसांकडची नोंद सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर अर्ध्या तासात झाली. साधे फोटो असतील तर 'महिला व बालकं' या भागात जाऊ नका, तो अश्लील मजकुरासाठी आहे. सोशल मीडियाच्या गटात तोतया प्रोफाइलचा पर्याय मिळतो. घटनेचं वर्णन लिहिताना @, # सारखी चिन्हं टाळा, फॉर्म ती घेत नाही. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. फोटो अश्लील असेल किंवा तसा बनवला असेल तर तो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तोच गुन्हा ठरू शकतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा कंपन्यांकडे जातो.

फोटो कुठून गेला? पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत नंबर आला म्हणून क्लासने अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. चेहरा, पूर्ण नाव, शाळा, गुण, सगळं एका चौकटीत, आणि तोच पेजवरही. माझ्या डीपीची सेटिंग मी वर्षापूर्वीच 'फक्त कॉन्टॅक्ट्स' केली होती. क्लासवाल्यांनी पेजवरचा फोटो सांगितल्या दिवशीच काढला. चौकातला फ्लेक्स गणपतीपर्यंत होता.