प्रोस्टेटची स्लाइड: गुलाबीतला गुलाबी वेगळा करताना

आधी एक दुरुस्ती. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की प्रोस्टेटमधल्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या अवयवातल्या) ग्रंथींच्या मधली सगळी गुलाबी जागा म्हणजे कोलॅजन, म्हणजे आधार देणारे प्रथिनांचे धागे. ते चूक होतं. त्यातला मोठा वाटा अनैच्छिक स्नायूंचा आहे, आणि दोघांतला फरक डोळ्यांत बसायला मला तीन आठवडे लागले.

साहित्य तेच. अंबाल्याचा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप आणि निरोगी प्रोस्टेटच्या दोन परमनंट स्लाइड. एक हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांनी रंगवलेली, दुसरी मॅसन ट्रायक्रोम या रंगपद्धतीची.

४एक्सखाली पहिल्यांदा दिसतात त्या ग्रंथींच्या पोकळ्या, आतून झालरीसारख्या दुमडलेल्या. प्रोस्टेटमध्ये ग्रंथी असतात ३० ते ५०, पण फांद्या फुटून त्या इतक्या वाकड्यातिकड्या पसरतात की एकाच कापात त्या कितीतरी ठिकाणी छेदल्या जातात. झालरीच्या प्रत्येक दुमडीच्या पोटात संयोजी ऊतीचा एक बारीक पदर वर चढलेला असतो आणि त्यातून केशवाहिनी जाते. अभिस्तराच्या, म्हणजे पोकळीच्या आतल्या अस्तराच्या, पेशींना पोषण पोहोचतं ते या पदरातूनच. काही पोकळ्यांत गुलाबी खडे आहेत, खोडाच्या कापातल्या वलयांसारखे. ही कॉर्पोरा अमायलेशिया. वयाबरोबर ती वाढतात. माझ्या स्लाइडमध्ये चारच सापडली.

आता मधली जागा. इओसिन कोलॅजनला गुलाबी करतं आणि स्नायूलाही, घोटाळा तिथेच होतो. मी मॅसनची स्लाइड लावली आणि तीच जागा फुटून दोन रंगांची झाली: स्नायू लाल, कोलॅजन निळं. लाल पट्टे कुठल्याही एका दिशेने जात नाहीत. आडवे, उभे, तिरपे, आणि त्यांच्या फटीफटीतून निळे धागे. गोधडीचा टाका जसा कापडात वरखाली जातो तसं ते निळं लालमध्ये शिरलेलं आहे. आतड्याच्या स्लाइडमध्ये स्नायूंचे थर नीट आखलेले असतात. इथे थर असा नाहीच. ग्रंथी थेट स्नायूंच्या जाळ्यात रुतलेल्या आहेत, आणि वीर्यस्खलनाच्या वेळी हेच स्नायू आकसून ग्रंथींमधला स्राव मूत्रमार्गात ढकलतात.

निळं-लाल नीट पाहून झाल्यावर मी मुद्दाम पुन्हा गुलाबी स्लाइडकडे वळलो. रंगाच्या मदतीशिवाय ओळखता यायला हवं, असं मनात होतं. कामी आलेल्या दोन खुणा सांगतो. पहिली केंद्रकांची. स्नायूपेशीचं केंद्रक लांबट, दोन्ही टोकांना बोथट, विडीसारखं; पेशी आकसलेली असेल तर ते मळसूत्रासारखं पिळलेलं दिसतं. फायब्रोब्लास्टचं, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशीचं, केंद्रक बारीक, टोकदार, गडद, जणू पेन्सिलीने ओढलेली रेघ. दुसरी खूण कंडेन्सरची, म्हणजे स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची. तो जरा खाली घेतला की कोलॅजनचे नागमोडी धागे चकाकून उठतात. स्नायू मात्र मंदच राहतो. ही दुसरी खूण मला फार आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत.

मोजमापही केलं. ४०एक्सवर माझ्या आयपीसमधल्या पट्टीचा एक भाग २.५ मायक्रॉनचा. शेजारच्या वाहिनीतली तांबडी रक्तपेशी, जी साधारण सात मायक्रॉनची असते, जेमतेम तीन भाग भरली, म्हणजे पट्टी बरोबर लावली आहे. त्याच पट्टीवर स्नायूचं एक केंद्रक सहा-सात भाग लांब निघालं.

मॅसनच्या स्लाइडवर प्रोस्टेटच्या कडेला गेलो तेव्हा वाटलं होतं की एक स्पष्ट आवरण दिसेल. तसं काही नाही. निळा-लाल पट्टा कडेकडे दाट होत जातो, पण ‘इथून आवरण सुरू’ अशी रेघ ओढता येत नाही. आतले धागे सलग त्यात मिसळलेले आहेत. प्रोस्टेटच्या कॅप्सूलला खरी कॅप्सूल का मानत नाहीत, ते वाचून कळलं नव्हतं, पाहून कळलं. पुढच्या बाजूला तर ग्रंथी जवळजवळ नसतातच, नुसता स्नायू आणि तंतू. तो भाग माझ्या कापात आलेला नाही.

याच काळात वडिलांना टॅमसुलोसिन सुरू झालं. प्रोस्टेटमधला आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करणारी गोळी. त्यांना मी मॅसनची स्लाइड दाखवली. त्यांनी बराच वेळ आयपीसवरून डोळे काढले नाहीत, मग विचारलं, “म्हणजे ही गोळी या लालवर काम करते?” मी हो म्हटलं, आणि ४०एक्स लावून त्यांना एक पिळलेलं केंद्रक शोधून दिलं.