अर्धा तास अडकलं की वही: सहा आठवड्यांची खेळनोंद

मँटिस लॉर्ड्स हरले! तेविसाव्या खेपेला. मागच्या नोंदीत 'हॉलो नाइट' हा व्हिडिओ गेम महिनाभरात संपवते असं लिहिलं होतं, तसं झालेलं नाही. नकाशाचा निम्मा भाग अजून कोरा आहे. पण या एका लढाईबद्दल सविस्तर लिहायचंच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्याआधी सध्याची मांडणी सांगते. हातात तीन गेम आहेत: 'हॉलो नाइट', 'आउटर वाइल्ड्स' आणि 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. मुद्दाम तीन ठेवलेत. एकाच जागी अर्धा तास अडकले तर वॉकथ्रू (दुसऱ्याने लिहिलेली उत्तरं) उघडायचा नाही. वहीत नेमकं कुठे अडकले ते लिहायचं आणि दुसरा गेम लावायचा, एवढाच नियम. सहा आठवड्यांत तो एकदाच मोडला, त्याबद्दल पुढे लिहिते.

ज्यांनी 'हॉलो नाइट' खेळलाय त्यांना ती जागा आठवत असेल. फंगल वेस्ट्सच्या खोलात मँटिस या कीटकयोद्ध्यांचं गाव, गावाखाली तीन उंच आसनं आणि त्यांवर बसलेले तिघं. समोर उभं राहून आव्हान द्यायचं. आधी एकटा उतरतो, तो हरला की उरलेले दोघं एकदम. वार तीनच आहेत: जमिनीलगत आडवी झेप, डोक्यावरून सरळ खाली भाला, आणि भिंतीला चिकटून फेकलेलं, कमान घेऊन वळणारं शस्त्र. हे तीन वार मला पहिल्या चार-पाच खेपांतच ओळखू यायला लागले होते. तरी मी मरतच होते.

बाराव्या मरणानंतर मी वहीत रकाना आखला आणि प्रत्येक वेळी नेमकी कशाने मेले ते लिहायला लागले. आधीच्या खेपांचंही आठवेल तेवढं भरलं. ही सवय 'सेलेस्ट'मुळे लागली. मृत्यूंचा आकडा ही लाजायची गोष्ट नाही, उलट त्यातून शिकणं होतं, असं तो गेम सुरुवातीलाच सांगतो आणि ते माझ्या मनात पक्कं बसलंय. तर रकाना भरल्यावर दिसलं ते असं: निम्म्याहून जास्त मृत्यू 'फोकस' करताना, म्हणजे जीव भरून घेताना झालेले. म्हणजे वार चुकवता येत होते. जीव भरायला थांबले की मार खात होते. शत्रूला तीन वार लागले की एकदा भरून निघेल इतका सोल (त्यासाठी लागणारी शक्ती) जमतो, आणि तो जमला की वापरायची घाई व्हायची. दोघं अंगावर असताना एका जागी थांबायला वेळ मिळतच नाही.

मग ठरवलं, जे काही भरून घ्यायचं ते पहिल्या एकट्याशी लढतानाच. दोघं उतरले की फोकसचं बटण नाहीच असं समजायचं. हे ठरवलं एकोणिसाव्या खेपेनंतर, पण लगेच जमलं नाही. चार दिवस गेम बंद ठेवला, मधल्या काळात 'ओब्रा डिन' खेळले. परत आले तेव्हा बोटं शांत होती. तेविसाव्या खेपेला शेवटचा एक मुखवटा (म्हणजे एकच मार सोसण्याइतका जीव) उरला होता, उजव्या भिंतीपाशी खालून आडवी झेप आली, तिच्यावरून उडी मारली, खाली येताना वार केला आणि पडद्यावर एकदम सगळं थांबलं. मग ते तिघं वाकले. वर गावात गेले तर तिथले मँटिसही वार करायचे थांबले होते, मी शेजारून जाताना मान झुकवत होते. ज्या गावातून इतके दिवस जीव मुठीत धरून गेले, तिथून चालत गेले, पळत नाही. ॲडलेडच्या टीम चेरीने २०१७ साली हे केलं, आणि लढाईनंतरचा हा आदर दाखवायला एक शब्दही वापरलेला नाही.

आता खाली डीपनेस्टची वाट मोकळी झाली आहे. एकदा डोकावले आणि परत फिरले. आधी लुमाफ्लाय कंदील घेणार. त्याला १८०० जिओ (गेममधले पैसे) लागतात, त्यामुळे सध्या जपून खेळतेय. मेलं की सगळे जिओ त्या जागी उरलेल्या आपल्या सावलीपाशी राहतात, आणि तिथे पोचायच्या आत पुन्हा मेलं की गेलेच.

आता 'आउटर वाइल्ड्स'. हा खेळलेला नसेल आणि खेळायचा विचार असेल, तर हा आणि पुढचे चार परिच्छेद सोडून थेट 'ओब्रा डिन'वर जा. मनापासून सांगतेय. या गेममध्ये तुमचं यान सुधारत नाही, शस्त्र तर नाहीच. पहिल्या उड्डाणाला जे सामान असतं तेच शेवटपर्यंत. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि तुम्ही टिंबर हार्थ या आपल्या ग्रहावर शेकोटीशेजारी पुन्हा जागे होता. मागच्या फेरीतून पुढच्या फेरीत जाते ती फक्त माहिती: यानातल्या लॉगमध्ये साठलेली आणि तुमच्या डोक्यात राहिलेली.

सातव्या फेरीतली एक गोष्ट. ब्रिटल हॉलो हा पोकळ ग्रह आहे आणि त्याच्या पोटात कृष्णविवर आहे. त्याचा ज्वालामुखी चंद्र वरून आगीचे गोळे फेकत राहतो, त्यांनी कवचाचे तुकडे सुटतात आणि आत पडतात. मी एका कडेला उभी राहून भिंतीवरचं नोमाईंचं (पूर्वी इथे राहून गेलेल्या जमातीचं) लिखाण वाचत होते. त्यांची ओळ सरळ नसते, वेटोळी असते आणि एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचं उत्तर वेलीसारखं फुटतं. वाचता वाचता पायाखालची जमीन सुटली. जेटपॅक लावायचं सुचलंच नाही. काळ्या वर्तुळाच्या कडेने ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला दिसला, मी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा उघड्या अंतराळात होते. समोर पांढरं विवर, आणि भोवती संथ तरंगणारे कवचाचे तेच तुकडे, जे थोड्या वेळापूर्वी माझ्या डोळ्यांदेखत पडले होते. म्हणजे जे आत जातं ते इथे येतं! जवळच एक स्थानक आहे. तिथल्या चौथऱ्यावर उभं राहून वाट बघायची, ब्रिटल हॉलो बरोबर डोक्यावर आला की क्षणात परत पोचता. हे मला कोणी शिकवलं नाही. पडले आणि शिकले.

ॲलेक्स बीचम यांनी साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेताना प्रबंध म्हणून याची सुरुवात केली होती. त्याला २०१५ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि पूर्ण गेम २०१९ मध्ये आला. ती मेहनत ग्रहांच्या वागण्यात दिसते. तुम्ही बघत असा की नसा, प्रत्येक ग्रह आपापलं काम घड्याळासारखं करत असतो. ॲश ट्विन आणि एम्बर ट्विन हे जोडग्रह, पहिल्यावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते. एकीकडचे मनोरे हळूहळू उघडे पडतात, दुसरीकडच्या गुहा भरत जातात. म्हणून मी वहीचं एक पान 'कितव्या मिनिटाला काय' एवढ्यासाठीच ठेवलंय.

नियम मोडला तो इथेच. चौथ्या आठवड्यात एम्बर ट्विनच्या पोटातल्या शहराकडे जायचा रस्ता सापडेना. जिथे जावं तिथे वाळू. तीन संध्याकाळी गेल्या, दमले होते, आणि रात्री उशिरा शोधून वाचलं. उत्तर होतं, लवकर जा. वाळू चढायच्या आत. दुसऱ्या दिवशी वही चाळताना त्याच मिनिटांच्या पानावर माझ्याच अक्षरात सापडलं: 'गुहा सुरुवातीला रिकाम्या, मग भरतात.' दहा दिवसांपूर्वी लिहिलेलं. त्या शहरात पोचले तेव्हा ते सुंदरच होतं, पण ते मी शोधलेलं नाही, आणि ही हळहळ अजून गेलेली नाही. तेव्हापासून नियमात भर घातली: गेम बदलण्याआधी वहीची आधीची पानं एकदा वाचायची.

एक फेरी मात्र मी काहीही न शोधता घालवली आणि ती सगळ्यात आवडली. सिग्नलस्कोप लावला की ग्रहांवर एकटे बसलेले प्रवासी आपापलं वाद्य वाजवताना ऐकू येतात: ब्रिटल हॉलोवर रीबेकचा बँजो, एम्बर ट्विनवर चर्टचे ढोल, जायंट्स डीपवर गॅब्रोची बासरी. यान घेऊन खूप लांब गेले आणि सगळ्या ग्रहांकडे एकदम रोख धरला. वेगवेगळे वाटणारे ते सूर म्हणजे एकच धून होती. अँड्र्यू प्राहलो यांचं संगीत आहे. सूर्य फुटेपर्यंत तशीच ऐकत बसले. लॉगमध्ये त्या फेरीची नवी नोंद शून्य.

'ओब्रा डिन'ची प्रगती: ६० पैकी २७ जणांचं भवितव्य पक्कं. हा आम्ही दोघी खेळतो, कंट्रोलर माझ्याकडे आणि वही आईकडे. साल १८०७. बेपत्ता झालेलं जहाज बंदराला लागलंय, माणूस एकही नाही, आणि आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक घड्याळ असतं, ते मृतदेहाजवळ उघडलं की शेवटचे काही आवाज ऐकू येतात आणि मग मृत्यूचा क्षण गोठलेला दिसतो. त्यात फिरून ठरवायचं, हा कोण, कसा मेला, कोणी मारला. तीन जणांचं बरोबर जुळलं की गेम ते तिन्ही एकदम पक्के करतो, त्यामुळे एकेकाचा अंदाज ठोकून चालत नाही. लुकास पोप यांनी चित्रंसुद्धा पूर्ण एकरंगी ठिपक्यांची ठेवलीत. पहिला तासभर डोळ्यांना जड जातं, मग दुसरं काही नकोसं होतं.

पंधरावर आम्ही दोन आठवडे अडकलो होतो. (पुढच्या काही ओळींत एक मोठा सुगावा आहे, हवं तर सोडा.) मी सारखी चेहरे निरखत होते. एका देखाव्यात खलाशी टांगत्या झोळ्यांमध्ये झोपलेले आहेत. मी तिथून निघणार तेवढ्यात आई म्हणाली, "अगं थांब. झोळ्यांवर आकडे आहेत बघ."

"असतील, सामानाचे वगैरे."

"सामानाचे कशाला? यादीतही प्रत्येक नावापुढे आकडा आहे."

मी यादी उघडली. जहाजावरच्या सगळ्यांची नावं, कामं, मूळ देश आणि डावीकडे क्रमांक. ती यादी मी निदान पन्नास वेळा उघडली असेल, क्रमांकाकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिघं पक्के झाले, मग आणखी तिघं. आईने वहीत त्या पानावर वर्तुळ काढून ठेवलंय. आता ती बोलण्याचा ढंग ऐकून कोण कुठल्या देशाचा याची वेगळी यादी करतेय, आणि त्यावरूनच पुढचे सहा मिळाले. एकटीने खेळले असते तर सतराव्या-अठराव्या माणसापाशी सोडला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ज्यांना घरातल्यांना या छंदात ओढायचंय त्यांनी याच गेमने सुरुवात करून बघा. बटणांची घाई कुठेच नाही, बघणाऱ्यालाही खेळणाऱ्याइतकंच काम असतं.

पुढचे बेत. 'हॉलो नाइट'चा पुढचा भाग 'सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हापासून थांबलेय. ग्रीनपाथमध्ये जिच्याकडून मी इतकी हरले त्या हॉर्नेटलाच आता खेळवायचं आहे, आणि म्हणूनच आधी पहिला भाग नीट संपवायचा आहे.

त्याहून जास्त ओढ 'ब्लू प्रिन्स'ची आहे. एप्रिल २०२५ चा गेम. ४५ खोल्यांच्या वाड्यात ४६वी खोली शोधायची, दार उघडलं की तीन खोल्यांमधून एक निवडायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळा वाडा पुन्हा रिकामा. पावलंही मोजकी. पहिला तासभर मित्राकडे खेळून पाहिला. पार्लरमध्ये तीन पेट्यांचं कोडं होतं: निदान एका पेटीवरचं सगळं खरं, निदान एकीवरचं सगळं खोटं, आणि बक्षीस एकाच पेटीत. ते सुटलं तेव्हाच ठरवलं की याला वेगळी वही लागणार. 'ओब्रा डिन' संपला की त्याची जागा हा घेईल. आईला तसं सांगून ठेवलंय.

'ट्यूनिक' (२०२२) पण यादीत आहे. त्यात गेमची माहितीपुस्तिकाच पानापानाने सापडत जाते आणि ती बरीचशी अनोळखी लिपीत असते. वहीवाल्यांसाठी याहून वेगळं काय हवं? फक्त चौथा गेम सुरू करायचा नाही, यावर ठाम आहे. मागच्या वर्षी एकदम सात सुरू केले होते आणि एकही पुरा झाला नव्हता.

'आउटर वाइल्ड्स'चा २०२१ चा विस्तार 'एकोज ऑफ द आय' कोणी मूळ गेमच्या मध्येच खेळलाय का? आधी की नंतर, एवढंच सांगा, कारण सांगू नका.

आज रात्री पुन्हा 'हॉलो नाइट'. कंदिलाला अजून ३४० जिओ कमी आहेत.