एक फ्रेम, तीन नळ्या : जुने कन्टेंडर घेतानाचा माझा अनुभव

ओहायो राज्यात कोलंबसजवळ आमचा नेमबाजीचा क्लब आहे आणि तेथे उन्हाळ्यात दर महिन्याला लोखंडी आकृत्या पाडण्याचा सामना होतो. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा अशा चार आकृत्या असतात; .२२ या छोट्या काडतुसाच्या गटात त्या अनुक्रमे २५, ५०, ७५ आणि १०० मीटरवर मांडतात. पाच आकृत्यांसाठी दोन मिनिटे मिळतात. गोळी नुसती लागून भागत नाही, आकृती आडवी व्हावी लागते. या खेळात मला ओढणाऱ्या वयस्कर सहकाऱ्याकडे थॉम्प्सन सेंटर कंपनीचे कन्टेंडर होते. त्या पिस्तुलात एका वेळी एकच काडतूस बसते, पण फ्रेमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मूळ सांगाड्याच्या, पुढची एक खीळ काढली की नळी हातात येते आणि तिच्या जागी वेगळ्या काडतुसाची दुसरी नळी बसवता येते. वॉरन सेंटर यांनी रचलेले हे पिस्तूल १९६७ साली बाजारात आले. नेम धरायचे दर्शक किंवा दुर्बीण नळीवरच बसलेली असल्यामुळे नळी बदलली तरी तिचा साधलेला नेम तिच्यासोबतच राहतो. हे लक्षात आले तेव्हाच मी आपलेही एक घ्यायचे ठरवले.

प्रत्यक्षात घ्यायला मात्र काही वर्षे गेली, कारण तेव्हा मी एच-वन-बी व्हिसावर होतो. अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही; शिकारीचा वैध परवाना असल्यास मिळणारी सवलत हा त्यातला एक अपवाद. अपवादाच्या आधारावर एवढी मोठी गोष्ट करण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी क्लबातल्या मित्रांच्या पिस्तुलांवरच समाधान मानले.

नवे कन्टेंडर मिळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे जे काही घ्यायचे ते वापरलेलेच. शेजारच्या राज्यातील एका गृहस्थाने एक फ्रेम आणि दोन नळ्या विकायला काढल्या होत्या: एक .२२ ची दहा इंची अष्टकोनी नळी आणि दुसरी .३५७ मॅग्नमची. मागितलेली रक्कम साडेसहाशे डॉलर होती. राज्याबाहेरच्या विक्रेत्याकडून पिस्तूल थेट घरी मागवता येत नाही. ते आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे यावे लागते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरला. नागरिक नसलेल्याला त्यात स्थलांतर खात्याने दिलेला क्रमांकही लिहावा लागतो. पुढची पार्श्वभूमीची तपासणी बहुतेकांची काही मिनिटांत उरकते, माझी मात्र ‘विलंबित’ ठरली. दुकानदाराने शांतपणे सांगितले की नावसाधर्म्यामुळे असे होते, आणि मला तीन दिवसांनी बोलावले. आमच्या आडनावाची माणसे इतकी आहेत की मलाही त्यात नवल वाटले नाही.

या व्यवहारातला सर्वांत चमत्कारिक भाग नंतर समजला. कायद्याच्या दृष्टीने अनुक्रमांक असलेली फ्रेम हीच बंदूक. सुटी नळी ही नुसता सुटा भाग. त्यामुळे पुढे तिसरी नळी घेतली तेव्हा ती साध्या टपालाने घरी आली. दारात पुडके घेणाऱ्या पत्नीने विचारले, “अहो, हा कसला पाइप मागवलात?” भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, म्हणून कोल्हापूरच्या भावाने गमतीने “एक नळी घेऊन ये दाखवायला” म्हटले तेव्हा मी त्याला गमतीतही होकार दिला नाही.

विक्रेत्याने जाहिरातीत ‘जवळजवळ नवे’ असे लिहिले होते. नळ्या आतून खरोखरच स्वच्छ होत्या. उजेडाकडे धरून पाहिल्या तेव्हा आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, लख्ख दिसले. मात्र पुढचा लाकडी दस्ता स्क्रू काढून उतरवला तेव्हा .३५७ च्या नळीच्या खालच्या बाजूला गंजाचे खड्डे आढळले. लाकूड ओलावा धरून ठेवते आणि तेथे कोणी पुसायला जात नाही. खड्डे वरवरचे असल्याने नळी वापरण्याजोगी होती, तरी तक्रार केल्यावर चाळीस डॉलर परत मिळाले. तेव्हापासून कोणतीही वापरलेली नळी पाहताना मी आधी स्क्रू-ड्रायव्हर मागतो. विकणाऱ्याने तो देण्यास खळखळ केली तर तेथेच आपले उत्तर मिळते.

खरी डोकेदुखी .२२ च्या नळीने दिली. दहा काडतुसांत दोन तरी उडतच नसत. त्यांच्या कडेवर फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर ठोसा मारणाऱ्या खिळ्याची, खूण अगदी पुसट उमटलेली असे. कन्टेंडरच्या हॅमरवर (पिनवर आदळणाऱ्या हातोडीवर) रिमफायर (कडेवर ठोसा) आणि सेंटरफायर (मध्यभागी ठोसा) निवडण्याची सोय असते, आणि माझा पहिला संशय तिच्यावर होता, परंतु ती योग्य जागी होती. मग फ्रेमची पाठ आणि नळीचे मागचे तोंड यांमधील फट मी पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजली. .३५७ च्या नळीपेक्षा .२२ च्या नळीची फट स्पष्टपणे अधिक होती, म्हणजे काडतूस मागे सरकायला जागा होती आणि पिनचा ठोसा अर्धा वाया जात होता. या दोन नळ्या एकाच फ्रेमवर वाढलेल्या नव्हत्या, हे तेव्हा ध्यानात आले. विक्रेत्याने त्या वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या होत्या. ‘कुठलीही नळी कुठल्याही फ्रेमवर बसते’ हे म्हणणे खरे आहे, पण बसणे आणि नीट जुळणे यांत फरक असतो. बंदुकीच्या कारागिराने किंचित जाड खीळ घातली, लॉकच्या खाचेतले वाळलेले ग्रीस काढले आणि तेवढ्यानेच ठोसे पूर्ण पडू लागले. फ्रेम किंवा नळी कानसायची गरज पडली नाही.

आणखी एक सवय अंगवळणी पडायला वेळ लागला. जुन्या कन्टेंडरचा हॅमर एकदा हलकेच खाली सोडला की तो तसाच पुन्हा चढवता येत नाही. चापाच्या कड्याची शेपटी मागे ओढून पिस्तूल उघडावे आणि मिटावे लागते. कन्टेंडरच्या नंतरच्या जी-टू या आवृत्तीत हे नाही. पहिल्या सामन्यात मी ओढाओढ करत बसलो आणि दोन मिनिटांत तीनच गोळ्या झाडल्या. जी-टूच्या नळ्या जुन्या फ्रेमवर चालतात, मुठी मात्र चालत नाहीत; आणि याच कंपनीचे एन्कोर हा सर्वस्वी वेगळा प्रकार, त्याची नळी येथे बसतच नाही. तिसरी नळी शोधताना स्वस्त म्हणून एन्कोरची घेता घेता मी वाचलो.

ती तिसरी नळी २१ इंची होती आणि तिच्यासोबत खांद्याला लावायचा दस्ताही मिळत होता. क्लबातल्या त्या वयस्कर सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन समजावले, “आधी लांब नळी, मग दस्ता, उतरवताना उलटा क्रम. दहा इंची नळी आणि दस्ता एकत्र फ्रेमवर कधीही यायला नकोत.” सोळा इंचांपेक्षा आखूड नळीला खांद्याचा दस्ता लागला की ती १९३४ च्या कायद्यातली आखूड रायफल ठरते आणि नोंदणीशिवाय ती बाळगणे गुन्हा होतो. याच पिस्तुलाच्या अशा संचावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९९२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मी दस्ता आणि लांब नळी एका पेटीत ठेवतो, आखूड नळ्या दुसऱ्या पेटीत.

आता .२२ ची नळी बिनतक्रार चालते. गेल्या सामन्यात दहापैकी सहा मेंढे पडले. सातव्याच्या पायाला गोळी लागल्याचा आवाज सर्वांनी ऐकला, मेंढा थोडा डुलला आणि तसाच उभा राहिला.